तालुक्याच्या गावातली अभ्यासिका: महिन्याच्या 700 रुपयांत काय मिळतं, काय मिळत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही खाजगी अभ्यासिका. बाजार समितीच्या रस्त्यावर, खाली कृषी केंद्र, वर हॉल. नाव देत नाही, कारण वऱ्हाडातल्या बहुतेक तालुक्यांत हाच नकाशा थोड्याफार फरकाने सापडेल. एकूण 64 सीट, त्यातल्या 50 मोठ्या हॉलमध्ये आणि 14 मुलींच्या खोलीत. महिन्याचे 700 रुपये, तीन महिन्यांचे एकदम भरले तर 1,900, वर 500 अनामत. सकाळी 6 ते रात्री 11. मालक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे सर म्हणतात. रोजचा कारभार बघणारा तिशी ओलांडलेला दादा. त्यानेही भरत्या दिल्या आणि मग किल्ल्याच हातात घेतल्या. पाचपैकी तीन तारे. त्यातला एक पूर्ण दादाचा.

आधी सीटचं. टेबल दोन फूट रुंद, दीड फूट खोल. एक पुस्तक आणि एक वही उघडी राहते, नकाशा पसरायला जागा नाही. तिन्ही बाजूंनी प्लायचं पार्टिशन आहे, पण उंची कमी, खुर्चीवर ताठ बसलं की समोरच्याचं कपाळ दिसतं. खुर्च्या प्लास्टिकच्या, बिनहाताच्या. दहा तास बसणाऱ्याने पाठीला उशी आणावी. प्रत्येक सीटला पॉइंट आहे, दिवा मात्र दोन सीटमध्ये एक ट्यूब. भिंतीकडच्या रांगेत स्वतःचीच सावली वहीवर पडते, म्हणून सीट ठरवताना सकाळी न जाता संध्याकाळी सातला जाऊन बसून बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. लॉकर वेगळे 100 रुपये, कुलूप आपलं.

उन्हाळ्यात इथे खरी परीक्षा असते. स्लॅबच्या खालचा हॉल, मे महिन्यात बाहेर 44-45 अंश. चार कूलर आहेत. कूलरला कोरडी हवा आत यायला आणि दमट हवा बाहेर जायला वाट लागते. इथे मागच्या खिडक्या आवाज येतो म्हणून बंद ठेवतात, त्यामुळे दुपारी दोननंतर हॉलमध्ये गारवा कमी आणि चिकचिक जास्त. दोन खिडक्या वितभर उघड्या ठेवल्या तर फरक पडतो, दादाला सांगितलं की तो उघडतो. पाऊस सुरू झाला की कूलर फक्त पंख्याच्या कामाचा. लाइन गेली तर इन्व्हर्टर आहे, त्यावर 150 एएचच्या दोन बॅटऱ्या. बारा पंखे नि वीस ट्यूब धरल्या तर जेमतेम पावणेदोन-दोन तासांचा बॅकअप, बॅटऱ्या जुन्या असतील तर त्याहून कमी. कूलर त्यावर चालत नाहीत. "24 तास बॅकअप" असं पाटीवर लिहिलं आहे, ते मनावर घेऊ नका. पिण्याचं पाणी जारचं, पुरतं. संडास एकच, जिन्याखाली.

आता त्या गोष्टीकडे येऊ जिची जाहिरात सर्वात मोठ्या अक्षरांत आहे: "पालकांना रोज हजेरीचा मेसेज". दारात अंगठ्याचं मशीन आहे. अंगठा लावला की घरच्या मोबाइलवर मेसेज जातो: आपला पाल्य 9.12 ला आला, 1.40 ला गेला. बारावीच्या पोरासाठी ठीक. पण या हॉलमधले निम्म्याहून जास्त जण पंचविशीच्या पुढचे आहेत, काहींची लग्नं झाली आहेत. एकोणतीस वर्षांच्या माणसाचा "पाल्य" म्हणून मेसेज वावरात फवारणी करणाऱ्या बापाला जातो, आणि जेवायला तासभर जास्त लागला की संध्याकाळी घरी त्याचा हिशेब होतो. प्रवेशअर्जात पालकाची सही सक्तीची आहे, वय कितीही असो. ही सोय विकली जाते ती एका समजावर: पोट्टे अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल पाहून राह्यले. असा समज असलेला बाप 700 रुपये सुखाने देतो, पोरालाही घरातल्या रोजच्या "काय करून राहिला?" पासून सुटका मिळते. दोघांनाही थोडी शांतता मिळते, तंटा मात्र तसाच राहतो. व्यवहारी सल्ला: अर्जातल्या पालकाच्या रकान्यात स्वतःचाच दुसरा नंबर टाका. दादा काही म्हणत नाही.

हॉलच्या दर्शनी भिंतीवर सरांनी एक फ्लेक्स लावला आहे, आशय असा की आम्ही कंदिलाच्या उजेडात शिकलो, तुम्हाला एसी लागतो. (एसी नाही, वर लिहिलंच आहे.) दर रविवारी सकाळी दहाला सरांचं मोफत मार्गदर्शन असतं, दोन तास. याबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, म्हणून सविस्तर.

पहिला तास उत्तम. मराठी व्याकरण आणि अंकगणित सर खरोखर चांगलं शिकवतात. समास, प्रयोग, विभक्ती फळ्यावर उदाहरणं देऊन, काळ-काम-वेग सूत्र न सांगता. तलाठी भरतीत 100 प्रश्न, 200 गुण, आणि मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी-अंकगणित असे चार सारखे भाग असतात. त्यातले दीड भाग तरी सरांच्या पहिल्या तासात भक्कम होतात. फुकटात हे कुठे मिळत नाही.

दुसरा तास "प्रेरणेचा". तो वगळला तरी चालेल. त्याचं सूत्र एकच: आमच्या वेळी साधनं नव्हती तरी लागलो, तुमच्याजवळ सगळं आहे तरी लागत नाही, म्हणजे मेहनत कमी. मागच्या बाकांवरून कुजबूज येते तीही ठरलेली: यांच्या वेळी डीएड झालं की मास्तर, पेन्शन खाऊन आता आम्हालाच ग्यान. दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, पण दोन्हीकडून जिन्याच्या मधल्या पायऱ्या गायब आहेत. त्या अशा.

शिक्षकाच्या नोकरीत 2000 पासून शिक्षणसेवक आला: तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर, मग कायम. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मार्च 2023 चा कर्मचाऱ्यांचा संप त्यावरूनच झाला. मे 2012 मध्ये शिक्षकभरती बंद झाली. गावोगावी निघालेल्या डीएड कॉलेजांतून पोरं तरीही बाहेर पडतच होती. पहिली शिक्षक अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली, त्यानंतरची 2023 मध्ये, त्यानंतरची 2025 मध्ये. म्हणजे भरती बंद होण्याच्या तोंडावर डीएड झालेल्या पोराला नुसती परीक्षा देण्यासाठी पाच वर्षं थांबावं लागलं. त्यात मेहनतीचा काय संबंध? 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागा होत्या आणि अर्ज 17 लाखांवर. 2023 च्या तलाठी भरतीला 4,644 जागा, अर्ज 10 लाखांहून जास्त. एका खुर्चीमागे दोनशेच्या वर माणसं उभी असतील तर दोनशे जण आळशी आहेत म्हणून राहिले असं कोणी गणिताच्या मास्तराने तरी म्हणू नये.

उलट बाजूचंही तपासून घेतलं पाहिजे. "बुढ्यायनं सगळं खाल्लं" असं म्हणणाऱ्यांनी आपल्याच गावात मोजून बघावं, सरांच्या वयाच्या किती जणांना पेन्शन आहे. एक मास्तर, एखादा एसटीतला, एखादा झेडपीतला. बाकी सगळे वावरातच राहिले आणि त्यांच्या नावावर आज पेन्शन शून्य. याच अभ्यासिकेची फी भरणारे बाप बहुतेक त्यातले. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता आणि बाजारात माल त्याच्या खाली गेला. महिन्याचे 700 म्हणजे पंधरा-सतरा किलो सोयाबीन. त्या माणसाने पोराच्या वाटची नोकरी खाल्ली नाही. त्याच्याजवळ वाटून द्यायला पाच एकर आहे, तेही भावाभावांत. आणि सर? निवृत्तीच्या पैशातून हा हॉल बांधला, आणि ज्यांना त्यांच्यासारखी नोकरी मिळत नाही तेच आज इथे भाडं भरतात. हे पोरांना दिसतं, म्हणून फ्लेक्स टोचतो. सरांनी तो काढला तर रविवारची गर्दी वाढेल, असं आपलं मत.

"आजकालच्या पोट्ट्यायले वावरात जायले लाज वाटते" हे वाक्यही इथे सारखं ऐकू येतं. अभ्यासिकेचं हजेरीचं रजिस्टर वेगळं सांगतं. जून-जुलैत पेरणीला आणि दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन सोंगणीला हॉल अर्धा रिकामा होतो. नोव्हेंबरपासून कापूस वेचणीला मजूर मिळाला नाही की पुन्हा तेच. फी मात्र पूर्ण महिन्याची कापली जाते. ही अभ्यासिकेची सर्वात अन्यायाची अट, आणि बोलून बदलता येण्यासारखी. पंधरा दिवसांचा पास 400 रुपयांत दादा देतो, पाटीवर लिहिलेला नाही, मागावा लागतो. हंगामाच्या महिन्यात तोच घ्या. तीन महिन्यांचे एकदम भरायचे असतील तर जानेवारी ते मार्च किंवा मार्च ते मे भरा. सप्टेंबर ते नोव्हेंबर चुकूनही नको.

दादाचं टेबल दाराशी आहे आणि पैसे वसूल होतात ते तिथे. तो अर्ज भरून देतो, एका अर्जाचे 50 रुपये. बाहेरच्या केंद्रांवर यापेक्षा स्वस्तात काम होईलही, पण दादाला चुका कुठे होतात ते पाठ आहे. दहावीच्या सनदेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एक आहे का ते तो आधी जुळवतो. "राऊत" आणि "राउत" इतक्या फरकावरही कागदपत्र पडताळणीत माणूस अडकतो. नॉन-क्रीमीलेअरची मुदत जाहिरातीत दिलेल्या तारखेला जिवंत आहे का, तेही तो बघतो. अर्ज भरतेवेळी चालू असून उपयोग नाही, जाहिरातीत जी तारीख आहे तीच धरतात. फोटो आणि सहीची फाइल ठरलेल्या केबीत बसवणं, पैसे कापले जाऊन पावती निघाली नाही तर दुसऱ्यांदा न भरता आधी व्यवहार क्रमांक तपासणं, एकापेक्षा जास्त पदांचे अर्ज असतील तर प्रत्येकाचा लॉगिन आणि पासवर्ड वहीत लिहून घेणं, हे सगळं तो न सांगता करतो.

अर्जाच्या खर्चाचा अंदाज घरी आधीच द्या, कारण भांडण इथून सुरू होतं. 2023 च्या तलाठी भरतीला शुल्क खुल्या गटाला 1,000 आणि राखीव गटाला 900 होतं. त्याच वर्षी जिल्हा परिषदांच्या 19,460 पदांच्या भरतीतही तेच दर, आणि प्रत्येक पदाला वेगळे. तीन पदं आणि तलाठी मिळून चार अर्ज म्हणजे चार हजार, त्यात नागपूर किंवा अमरावतीच्या केंद्रावर जायचा खर्च वेगळा. बापाला वाटतं पोरगा पैसे उधळतो, पोराला वाटतं बापाला काही कळत नाही. खरं तर दोघेही एकाच पावतीकडे बघत असतात. पोलीस भरतीचं शुल्क कमी, 450 आणि 350.

टेस्ट सिरीजबद्दल सावध. महिन्याला चार पेपर होतात, छापील प्रश्नपत्रिका आणि ओएमआर. पोलीस भरतीच्या लेखीला हे बरोबर चालतं: 100 गुण, 90 मिनिटं, कागदावर गोळे. पण तलाठी आणि झेडपीच्या परीक्षा संगणकावर झाल्या. तिथे प्रश्न पडद्यावर वाचायचा, मागे-पुढे जायचं, रिव्ह्यूला टाकायचं, कच्चं काम वेगळ्या कागदावर करायचं, ही सवय ओएमआरने येत नाही. हॉलमध्ये एकही संगणक नाही. 64 जणांकडून 700 घेणाऱ्याने दोन जुने डेस्कटॉप ठेवायला हरकत नव्हती. तोवर मोबाइलवरच्या मोफत मॉक टेस्ट आडव्या पडद्यावर द्या, म्हणजे निदान मांडणी ओळखीची होते. संगणकावरची परीक्षा अनेक सत्रांत होते, त्यामुळे गुणांचं सामान्यीकरण होतं, म्हणजे सोप्या-अवघड सत्रांतला फरक सूत्राने भरून काढतात. 2023 च्या तलाठी भरतीत 200 पैकी 214 गुण आले तो गोंधळ याच सूत्रातून. आपले कच्चे गुण आणि यादीतले गुण जुळत नाहीत म्हणून घरी "तू खोटं सांगून राहिला" असं होतं, तेव्हा हे समजावून सांगायला दादाला बोलवा, सरांना नको. सरांच्या डोक्यात अजून एक अर्ज, एक मुलाखत, एक यादी हीच भरती आहे.

पोलीस भरतीच्या पोरांसाठी पहाटे पाचला मैदान आहे, 300 रुपये वेगळे. हायस्कूलचं मैदान 200 मीटरचं, म्हणजे 1600 मीटरला आठ फेऱ्या. मुलांच्या 1600 मीटरला पूर्ण 20 गुण हवे असतील तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं, म्हणजे दर दोन फेऱ्यांना साधारण 77 सेकंद. बहुतेक पोरं पहिल्या दोन फेऱ्या 68-70 ला मारतात आणि सहाव्या फेरीत बसतात. घड्याळ लावून दर दोन फेऱ्यांचा वेळ ओरडणारा माणूस इथे आहे, ही जमेची बाजू. गोळा मुलांचा 7.260 किलोचा आणि मुलींचा 4 किलोचा, दोन्ही आहेत. पावसाळ्यात मैदान चिखल झालं की पोरांना राज्य मार्गावर पळवतात, ते टाळा. डांबरावर रोज पळून नडगी धरते आणि ऐन भरतीत माणूस बसून राहतो. शंभर मीटरला स्पाइक्स लागतात असं दुकानदार सांगेल, आधी पळण्याची ढब सुधारा.

मुलींची खोली स्वच्छ, शांत, आणि हॉलपेक्षा गार, कारण ती उत्तरेला आहे. पण रात्री आठला बंद. वरून सांगितलं जातं पालकांची इच्छा. शेवटच्या गाड्याही त्याच सुमारास सुटतात हे खरं. मार्च 2023 पासून महिलांना एसटीचं अर्धं तिकीट झाल्यामुळे आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींचा खर्च कमी झाला आणि 14 सीट कायम भरलेल्या असतात, जानेवारीतच नाव लावून ठेवा. मुलांना "आळशी" हे लेबल लागतं, मुलींना वेगळं: "अभ्यास म्हणून लग्न लांबवून राह्यली". गंमत अशी की लग्नाच्या बाजारात नोकरीवालाच पाहिजे म्हणणारे आणि पोरीला दोन वर्षं अभ्यासाला द्यायला नको म्हणणारे, एकाच बैठकीत बसतात. खोलीला स्वतंत्र संडास नाही, जिन्याखालच्याच ठिकाणी हॉलमधून जावं लागतं. ही त्रुटी किरकोळ नाही आणि 700 रुपये पूर्ण घेताना तर नाहीच.

पायऱ्यांवर निवड झालेल्यांच्या फोटोंचा मोठा फ्लेक्स आहे. त्यातले काही जण इथे फक्त शेवटचे दोन महिने बसले, काही फक्त मैदानाला आले. कुठलीही अभ्यासिका फोटोवरून निवडू नका. दुपारी तीनला जा आणि किती खुर्च्यांवर माणसं आहेत, किती जण कानात इअरफोन घालून झोपले आहेत ते बघा. इथे त्या वेळी साधारण निम्मे जागे असतात, तालुक्याच्या मानाने चांगलं.

कोणी घ्यावी? ज्याच्या घरी एकच खोली आहे, टीव्ही चालू आहे, आणि जो पोलीस किंवा गट क च्या परीक्षेला बसतो, त्याने जरूर. राज्यसेवेसाठी मात्र ही जागा पुरत नाही. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, उत्तरं लिहून कोणाकडून तरी तपासून घ्यावी लागतात आणि इथे तपासणारं कोणी नाही. त्यासाठी महाज्योती, बार्टी, सारथी या राज्य सरकारच्या संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. नगरपंचायतीच्या वाचनालयात फुकट बसता येतं, पण ते सहाला बंद होतं. वयाचा हिशेबही सीट घेण्याआधी करा. पोलीस भरतीला खुल्या गटात 28, राखीवमध्ये 33. बाकी बहुतेक राज्य पदांना 38 आणि 43. तिशीपार माणूस नुसता मैदानाच्या भरवशावर इथे बसत असेल तर दादा स्वतःच त्याला कूलरखालच्या सीटवरून उठवून बाहेर चहाला नेतो आणि हे समजावतो.

अनामतीचे 500 परत मिळतात, अट एकच: महिना संपायच्या आठ दिवस आधी लेखी सांगायचं आणि मूळ पावती द्यायची. पावती छोट्या गुलाबी कागदाची असते, शाई दोन-तीन महिन्यांत उडते. मिळाल्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दादा फोटोही मानतो.